बुधवारचा धूर आणि सव्वा तासाचं विमान

त्या भट्टीचा धूर माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. खून बघितले, दरोडे बघितले, त्यातले निम्मे आता आठवतही नाहीत. आणि हे एवढंसं चुन्याच्या भट्टीचं प्रकरण मात्र मधूनच वर येतं. घरात कुणी भिंतीला चुना लावायला काढला की आलंच. म्हणून म्हटलं, एकदा सांगून टाकू. नावं कुणाचीच सांगत नाही. त्यांची नातवंडं तिथंच नांदतात.

मी तेव्हा नवा फौजदार. दुसरं महायुद्ध संपलेलं, पण कंट्रोल काही संपला नव्हता. साखर कार्डावर, रॉकेल कार्डावर, कापड कार्डावर. आमच्या ठाण्यात चोऱ्या कमी आणि कंट्रोलच्या तक्रारी जास्त. सकाळी हजेरी झाली की समन्स बजावायला शिपाई बाहेर पडायचे, मी स्टेशन डायरी पुढं ओढायचो, आणि दारात कुणीतरी उभंच असायचं. कार्ड आहे पण माल नाही म्हणून. रोज तेच. ऐकून ऐकून कान किटले होते.

आमच्या हद्दीत, नगर-औरंगाबाद रस्त्यावर, सोनईच्या अलीकडं एक गाव. गाव रस्त्यालगत, आणि रस्त्यालगतच गावची विहीर. तेव्हाच्या सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. जरा चढ आला की फुसफुसायच्या. प्रत्येक मोटार त्या विहिरीवर थांबायचीच. क्लीनर उतरायचा, इंजिनात पाणी घालायचा, माणसं उतरून तंबाखू मळायची. ही विहीर लक्षात ठेवा. सगळं प्रकरण तिच्यावरच अडलं होतं, फक्त मला ते फार उशिरा कळलं.

गावाबाहेर एक टेकडी, टेकडीच्या पायथ्याला चुन्याची भट्टी. भट्टी एका म्हाताऱ्या मुसलमान कारागिराची. त्याला सगळं गाव चाचा म्हणायचं. ओढ्यातली चुनखडी वेचून आणायची, भट्टीत शेण्या नि कोळसा घालून थर लावायचे, पेटवायचं, निवाल्यावर कळीचा चुना काढायचा आणि आठवडी बाजारात विकायचा. गावातल्या मारुतीच्या देवळाला चुना त्याचाच आणि मशिदीलाही त्याचाच. बाजार शुक्रवारी, म्हणून भट्टी बुधवारी सकाळी पेटायची. बापाच्या वेळेपासून तसंच.

आणि बुधवारीच त्या गावावरून विमान जायचं.

खबर आणली गावच्या कंट्रोलच्या दुकानदाराने. पांढरं स्वच्छ धोतर, बोलणं गोड. खुर्चीवर बसायला सांगितलं तरी काठावरच बसला.

"साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. गावात चोरटं कापड फिरतंय. बायकांच्या अंगावर बघा, मिलची नवी लुगडी. माझ्याकडनं कुणी नेलेली नाहीत. माझ्याकडं मालच येत नाही तर देणार कुठून?"

"मग येतात कुठनं?"

त्यानं बोट वर केलं. मी छताकडं बघितलं.

"विमानातनं, साहेब. दर बुधवारी चाचा धूर करतो. धूर बघून विमान टेकडीमागच्या माळावर उतरतं. माल टाकतं न् जातं. सगळं गाव सांगंल."

मला हसू आलं, पण हसलो नाही. खबर ही खबर असते. हवालदाराला विचारलं. आमचा हवालदार जुना माणूस, त्यानं शांतपणे सांगितलं, "इमान येतं हे खरं हाय, साहेब. पोरं रोज बुधवारची वाट बघत्यात."

पुढच्या बुधवारी आम्ही ज्वारीत दबा धरून बसलो. भट्टी पेटली. पांढरा धूर सरळ वर चढला, मग एका बाजूला कलला. थोड्या वेळानं घरघर ऐकू आली. विमान आलं, दोन इंजिनांचं, लहानसं. आणि खरंच खाली येऊ लागलं! आवाज बारीक होत गेला, विमान टेकडीआड गेलं आणि आवाज जवळजवळ बंदच झाला. मला स्वतःला वाटलं, उतरलं. आम्ही धावलो. टेकडीला वळसा घालून माळावर पोचेपर्यंत विमान पलीकडं लांब वर चढत होतं. माळावर काही नाही. दोन शेळ्या.

"माल घेऊन पळाले," दुकानदार धापा टाकत म्हणाला. तो कुठून उगवला कुणास ठाऊक.

गावात विचारलं तर एकजात सगळे सांगायला तयार. पाटील म्हणाले उतरतं. सुतार म्हणाला उतरतं. एक म्हातारी तर माझ्यावरच डाफरली, "उतरतंय न्हाई तर काय करतंय? आमी काय आंधळी हाय व्हय रं?"

इतके जबाब असताना मी काय करणार? चाचाला ताब्यात घेतलं. तो भट्टीपाशीच होता. म्हणाला, "साहेब, आत्ताच पेटवलीय. उद्यापत्तोर राखावी लागते. मधीच सोडली तर समदा दगड कच्चा ऱ्हाईल." मी म्हटलं, चला. भट्टी तशीच राहिली.

ठाण्यात त्याची विचारपूस सुरू झाली. मी त्याला पाणी दिलं, समोर बसवलं.

"चाचा, धूर कुणासाठी करता?"

"धूर कोन करतंय, साहेब? मी चुना करतो. धूर आपला आपन हुतो."

"बुधवारीच का?"

"शुक्रवारी बाजार हाय म्हनून."

"विमान बुधवारीच का येतं?"

"ते इमानवाल्याला इचारा. त्याचा बाजार कवा असतो ते मला काय म्हाईत?"

शिपाई फिस्सकन हसला. मी डोळे वटारले.

"लोक म्हणतात, तुम्ही बोलावता म्हणून येतं."

"साहेब, मी हाका मारल्यावर माजी शेळी बी येत न्हाई," म्हातारा म्हणाला. त्यानंतर त्याच्या तोंडून काही निघालं नाही. दमदाटी करून बघितली. अशा वेळी मला मनातून कंटाळा यायचा. माणूस खोटं बोलत असला की पकड सापडते. हा खरं बोलत होता का, तेही कळेना.

मॅजिस्ट्रेटकडून रिमांड मिळाला. त्याचा जावई डबा घेऊन यायचा, बाहेर झाडाखाली बसायचा. त्यानं सांगितलं, गावात चुना कुणी घेत नाही आता. भट्टीतला दगड अर्धा कच्चा, अर्धा जळालेला. मारुतीच्या देवळाला लावलेला चाचाचा चुना खरवडून काढा, असं कुणीतरी पारावर बोललं म्हणे. तेव्हाचे दिवस तसेच होते. एवढ्याशा ठिणगीची सगळीकडं भीती. म्हातारा तुरुंगात जायचा तो जाईलच, पण त्याचं घर त्या गावात राहील की नाही हाच प्रश्न होता.

आणि मग पुढचा बुधवार आला. चाचा कोठडीत. भट्टी थंड. आणि विमान आलंच नाही!

हवालदार गावातून परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं. "साहेब, गाव नाचतंय. धूर न्हाई तर इमान न्हाई. आता काय ऱ्हायलं म्हनत्यात."

डी.एस.पी. साहेबांचा निरोप आला, चार्जशीट लवकर पाठवा. साध्या माणसाला वाटेल, झालं की काम. पण मला झोप नीट लागेना. विमान उतरतं तर ते जातं कुठं, येतं कुठून, हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. सगळं गाव आणि सगळं ठाणं धुराकडं बघत बसलेलं.

परवानगी काढून पुण्याला गेलो. विमान सापडायला वेळ लागला नाही. एका लहान कंपनीचं, पुण्याहून औरंगाबादला टपाल आणि तीन-चार उतारू नेणारं. पायलट तरुण, युद्धात विमानं चालवून आलेला, पुण्याचाच. विमानाच्या सावलीत पेटीवर बसून केळं खात होता. मी गावाचं नाव सांगितलं तर त्याला ते ठाऊकच नाही. मग म्हटलं, टेकडी, पायथ्याला पांढरा धूर.

तो एकदम उठलाच. "अहो, तो माझा धूर! कुणाचा आहे हो तो?"

मी खिशातनं वही काढली.

"तुमचा म्हणजे?"

"म्हणजे बघा, पुण्याहून निघालो की होकायंत्राचा काटा धरून सरळ जायचं. पण वारा बाजूला ढकलतो. खाली सगळा सारखाच मुलूख. तो धूर दिसला की कळतं, रस्त्यावर आहोत. मग जरा खाली येतो, इंजिन कमी करतो, धूर कुठं कलतोय ते बघतो, वारा किती ते समजतं, की पुन्हा वर. मागच्या बुधवारी धूर नव्हता. मग काय करणार, प्रवरा दिसेपर्यंत तसाच उत्तरेकडं गेलो आणि नदी धरली. तो माणूस आजारी आहे का?"

मी म्हटलं, "कोठडीत आहे."

त्याचं केळं हातातच राहिलं.

"उतरता का तिथं?"

"उतरून काय करू? सरळ गेलं तर एकशे पस्तीस मैल. ताशी एकशे दहाच्या आसपास जातो आम्ही. सव्वा तास, वारा उलटा असला तर थोडा जास्त. उतरायचं, माल काढायचा, परत उठायचं म्हणजे त्याला अर्धा तास तरी हवा. औरंगाबादला टपालाचा टांगा उभा असतो, त्या टांगेवाल्याला विचारा कधी खोळंबलाय का. आणि त्या माळावर उतरलो तर चाक मोडून तिथंच राहीन."

आता पंचाईत बघा. उतरत नाही हे खरं. पण धूर बघून येतं, हेही खरं! हे लिहिलं तर चाचा आणखी अडकणार, न लिहिलं तर मी खोटा. पुण्याच्या त्या मैदानावर उन्हात उभा राहून मी नुसता विचार करत होतो, आणि एकदम सुचलं. म्हटलं, "पुढच्या बुधवारी मला नेता का?"

मॅजिस्ट्रेटची परवानगी काढली. चाचाला बंदोबस्तात भट्टीवर न्यायचं, नेहमीसारखी भट्टी पेटवू द्यायची. हवालदाराला सांगितलं, विमान गेल्याबरोबर, तिथल्या तिथं सगळ्यांचे जबाब घ्या. साहेब कुठं आहेत विचारलं तर पुण्याला कामाला गेलेत म्हणा. एवढंच. हे काही खोटं नव्हतं.

विमानात बसलो ते जीव मुठीत धरून. बायकोला सांगितलं नव्हतं. पाठीमागं टपालाच्या पिशव्या, शेजारी एक लठ्ठ व्यापारी, त्यानं डोळे मिटले ते मिटलेच. वर गेल्यावर जमीन गोधडीसारखी दिसायला लागली. घोडनदी गेली. ज्या रस्त्यानं मोटारीला सबंध दिवस जातो, कुठं चाक पंक्चर, कुठं गॅस संपला, तो रस्ता बाजूला बारीक रेघ होऊन पडलेला. मी घड्याळ हातात धरून बसलेलो. बराच वेळ नुसतं उजाड. आणि मग पायलटनं बोट दाखवलं.

पांढरा धूर. बारीक, सरळ, वरच्या टोकाला जरा कललेला.

विमान खाली आलं, इंजिनाचा आवाज उतरला, पोट वर आलं. टेकडी बाजूनं गेली, भट्टी दिसली, भट्टीजवळ मुंगीएवढी माणसं. क्षणभर. मग इंजिनं पुन्हा घुमली आणि आम्ही वर. उतरलो नाही, थांबलो नाही. औरंगाबादला पोचलो तेव्हा घड्याळात सव्वा तासाला थोडं वर. टांगेवाला घोड्याला वैरण घालत होता. मी विचारलं, खोळंबा होतो का रे कधी? म्हणाला, "मेरे को कभी नहीं, साब. घोडे को होता है."

परत यायला मात्र दुसरा दिवस उजाडला. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर निजामाच्या शिपायांनी झडती घेतली, गोदावरी ओलांडली, मोटार दोनदा बंद पडली. पुण्याहून सव्वा तासात गेलेला मी त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वाट परत यायला असा रखडलो. अंग आंबून गेलं. तसाच गावच्या चावडीत गेलो.

हवालदारानं जबाब वाचून दाखवले. पाटील: उतरलं. सुतार: उतरलं. म्हातारी: उतरलं, मी बघितलं. दुकानदार: उतरलं, आणि दोन गठ्ठे खाली टाकताना मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितले, गठ्ठ्यांना तांबडी दोरी होती.

मी सगळ्यांना बोलावलं. आधी म्हातारीला विचारलं. "आजी, खरंच उतरताना बघितलं?"

"आता बया! टेकडीमागं गेलं, आवाज बंद झाला, मग परत वर आलं. म्हंजी उतरलंच की."

"पण उतरेल कशाला?"

तिनं माझ्याकडं अशी काही कीव करून बघितलं! "पुन्याहून निघाल्यालं, साहेब. मधी पानी नको व्हय त्याला? समद्या मोटारी आमच्या हिरीवर पानी पित्यात. येकबी अशी पुढं गेली न्हाई आजवर. ते काय उपाशी जाईल?"

पाटील मान डोलावत होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यातलं कुणी खोटं बोलत नव्हतं. या रस्त्यानं जाणारं काहीही त्यांच्या गावात न थांबता जाऊच शकत नाही, हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं. जेवढं दिसलं तेवढं त्यांनी बघितलं, आणि टेकडीआड जे दिसलं नाही ते विहिरीवरून भरून काढलं.

पण तांबडी दोरी कुणाच्या विहिरीतून आली?

"शेठ," मी दुकानदाराला म्हटलं, "गठ्ठे दोनच होते?"

"दोनच, साहेब. चाचाचा जावई घेऊन पळाला."

"विमानात कोण कोण होतं, दिसलं का?"

"दोघं-तिघं होते. गुंडच वाटत होते."

हवालदार खाली बघायला लागला. त्याला एकट्यालाच माहीत होतं.

"त्यातला एक मी होतो," मी म्हटलं. "गुंड कोणता ते तुम्ही सांगा."

बाहेर कुणीतरी बैलाला पाणी पाजत शीळ घालत होतं. पाटलांनी आधी शेठकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा त्याच्याकडं. मग पटका काढला आणि मांडीवर ठेवला.

पुढचं नेहमीचंच. झडती घेतली, दुकानामागच्या कडब्याच्या गंजीत कापडाचे तागे निघाले. कंट्रोलचाच माल, शिक्क्यासकट. कार्डवाल्यांना नाही म्हणायचा आणि पलीकडच्या गावात चढ्या भावानं विकायचा. तीच लुगडी फिरून गावातल्या बायकांच्या अंगावर दिसायला लागली, लोक विचारायला लागले, हे कापड येतं कुठनं, तेव्हा त्यानं आभाळाकडं बोट दाखवलं. गठ्ठे खरेच तांबड्या दोरीनं बांधलेले होते. खोटं बोलणारा माणूससुद्धा सगळंच नवीन रचत नाही, घरातलंच काहीतरी उचलून लावतो. हे मला पुढं पुष्कळदा उपयोगी पडलं.

रिपोर्टात मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. डी.एस.पी. साहेबांनी वाचलं आणि भुवया वर गेल्या. "धूर बघून विमान येतं, हे तुम्हीच लिहिताय?"

"येतं, साहेब. उतरत नाही."

त्यांनी आणखी एकदा वाचलं. मग सही केली. चाचा सुटला.

इथं संपायला हवं होतं, पण संपलं नाही. चाचानं घरी गेल्यावर भट्टीचा वारच बदलला. मंगळवारी पेटवायची, बुधवारच्या पहाटेआत धूर बंद, पुढं नुसती आच. गावानं त्याला काही म्हटलं नाही. माफी वगैरे तर नाहीच. चुना पुन्हा घ्यायला लागले, तेवढंच.

काही आठवड्यांनी मी दुसऱ्याच एका समन्ससाठी त्या गावात होतो. बुधवारच होता. सकाळपासून धुळीचा वारा सुटलेला, समोरची टेकडीसुद्धा पुसट. आणि वर घरघर. एकदा येऊन गेली, पुन्हा आली, पुन्हा. विमान गावावर घिरट्या घालत होतं, इतकं खाली की म्हातारी कानावर हात ठेवून ओरडायला लागली, "अरं, वाट चुकलंय ते! कुनीतरी सांगा की त्याला!"

पाटील धोतर सावरत टेकडीकडं पळत सुटले. मी मागं. चाचा भट्टीजवळ उकिडवा बसलेला, वर बघत. मंगळवारी पेटवायची राहून गेलेली, भट्टीत नवा थर तसाच लावून तयार होता.

"चाचा, पेटव!" पाटील ओरडले. "पेटव लवकर!"

चाचा उठला नाही. "पाटील, आधी पंच बोलवा," म्हणाला. "धा मानसं येऊ द्या. साहेब हायेत, त्येंना लिवून घेऊ द्या, की तुमी सांगितलं म्हनून पेटवली."

वर घरघर परत लांब गेली.

"मी लिहितो," मी म्हटलं. "पेटवा, चाचा."

त्यानं काडी ओढली. ओल्या शेण्या वर टाकल्या, मुद्दाम, धूर दाट व्हावा म्हणून. पांढरा लोट टेकडीच्या वर चढला, वाऱ्यानं मोडला, तरी चढला. विमान लांबून वळलं, धुरावरून गेलं, एकदा पंख हलवले आणि औरंगाबादच्या दिशेनं निघून गेलं. त्या दिवशी त्याला सव्वा तासापेक्षा नक्कीच जास्त लागला असणार. टांगेवाल्याचा घोडा खोळंबला असेल.

त्यानंतर साक्षीदार समोर आला की मी पहिला प्रश्न एकच विचारायचो: बघितलंस, की असंच असणार म्हणून सांगतोस? बरेच जण थांबायचे. काही रागावायचे. नोकरीभर हे विचारत राहिलो, आणि खरं सांगतो, विचारून विचारून थकलो. कारण बहुतेक वेळा उत्तर तेच निघायचं.

माझी बदली झाल्यावर हवालदाराकडून कळलं, चाचानं भट्टी परत बुधवारी आणली. पण पेटवण्याआधी दर बुधवारी जावयाला पाटलांच्या घरी पाठवायचा: पंच पाहिजे म्हणून. आणि पाटील यायचे. भट्टीशेजारच्या दगडावर पटका सारखा करून बसायचे, चाचा काडी ओढायचा. विमान टेकडीआड जाऊन परत वर येईपर्यंत पाटील तिथनं हलायचे नाहीत. ते विमान बंद होईपर्यंत त्यांचा एकही बुधवार चुकला नाही म्हणे.